सर्व्हेवाली ताई फ्रिज का विचारते?



"लेकराचं वजन-उंची मोजायला आली, अन् आधी फ्रिज हाय का, मोटारसायकल हाय का विचारती. हिला काय करायचं?" हा प्रश्न ग्रामसंघाच्या बैठकीत नेहमी निघतो. खरं सांगितलं तर घरकुल जाईल, रेशन तुटेल, ही भीतीही असते.

भीती उगाच नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत फ्रिज किंवा दुचाकी असलेलं घर गरिबांच्या यादीतून आपोआप बाहेर पडायचं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वेगळं आहे. १९९२-९३ पासून चालू असलेलं हे काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. त्यातली उत्तरं गुप्त राहतात. त्यावरून कुणाचं कार्ड बंद होत नाही.

मग कमाईच का विचारत नाहीत? तुम्हीच सांगा, तुमची महिन्याची कमाई किती? कापूस विकला की पैसा, नंतर हात मोकळा. उसतोडीला जाणाऱ्यांची उचल तर कारखाना सुरू व्हायच्या आधीच खर्च झालेली असते. म्हणून दिसतं ते विचारतात: जमीन सारवलेली की फरशीची, पाणी कुठून येतं, चूल की गॅस, पंखा, शिलाई मशीन, बैलगाडी, पाण्याचा पंप, बँकेत खातं. प्रत्येक गोष्टीला गुण देऊन घराची बेरीज होते. मग देशभरातल्या लोकांची गरीब ते श्रीमंत अशी रांग लावून पाच सारखे भाग पाडतात.

२०१९-२१ च्या फेरीत सगळ्यात गरीब भागातल्या पाच वर्षांखालच्या १०० लेकरांपैकी ४६ ची उंची वयाच्या मानानं कमी निघाली. सगळ्यात श्रीमंत भागात २३. म्हणजे निम्मी. (श्रीमंतांच्यातही २३, हे मला जास्त खटकतं. नुसत्या पैशानं भागत नाही.)

आता समजा दहा घरांनी फ्रिज लपवला. ती घरं कागदावर गरीब झाली, पण त्यांची लेकरं धडधाकट. मग गरिबांची लेकरं बरी दिसतात, दरी कमी दिसते. नुकसान कुणाचं? ज्या घरात खरंच काही नाही, त्याचं.

या मोजणीतही खोट आहेच. फायनान्सवर घेतलेली गाडी अन् रोखीनं घेतलेली गाडी सारखीच धरतात, डोक्यावरचं कर्ज कुठंच येत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा भागातलं कुटुंब वर्षातले किती महिने कोप्यावर काढतं, हेही त्या वस्तूंच्या यादीत बसत नाही.

तेव्हा कुणी आलं की आधी विचारा, "कोणता सर्व्हे, कुणाकडून?" ओळखपत्र बघा. द्यायचं नसेल ते उत्तर नाकारता येतं. आणि संडास जावेच्या घराशी मिळून वापरत असाल, तर "आहे" एवढंच न म्हणता सामायिक आहे हे आवर्जून सांगा. त्याची नोंद वेगळी होते.