कास नको, जामच फुलू द्या

नागपूरहून हैदराबादकडे जाताना चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, ते जाम. बहुतेकांसाठी हा नुसता चौक, चहा घ्यायचा अन् पुढे निघायचं. माझं मात्र हे गाव. आज कोडिंग बाजूला ठेवू अन् आमच्या लेआउटच्या बगिच्यातल्या रानफुलांबद्दल बोलू. सुरुवात माझ्या चुकीपासून.

दोन वर्षांपूर्वी कास पठाराचे रील्स बघून मी ऑनलाइन 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'चं पाकीट मागवलं. पावसाळ्यात बी फेकलं, सप्टेंबरमध्ये बगिचा केशरी झाला. लोक सेल्फी काढायला आले, मी खूश! पुढच्या वर्षी भिंतीपलीकडचे कापूसवाले काका आले. म्हणाले, "बावा, हे बी तूच आणलं का? माह्या धुऱ्यावर निंगालं."

ते होतं कॉसमॉस, मूळ मेक्सिकोचं. गाजरगवतही असंच अमेरिका खंडातून आलेलं. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली अन् आज ते नाही असा रस्ता दाखवा! कॉसमॉस तेवढं त्रासदायक नाही, पण बी सांडलं की दरवर्षी आपोआप उगवतं. माझ्या रीलपायी काकांचं निंदण वाढलं, हे मनाला लागलं.

मग समजलं, कास इथे उचलून आणताच येत नाही. तिथे सुमारे १,२०० मीटर उंचीवर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. आपल्याकडे काळी माती. पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगा. म्हणून इथल्याच रस्त्याकडेला काय टिकतं, ते आधी बघायचं.

आम्ही तीन झाडं निवडली. पिवळ्या फुलांचा तरवड. जांभळ्या फुलांची शरपुंखा, जी शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. अन् रुई. रुई कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. प्लेन टायगर नावाचं केशरी फुलपाखरू रुईच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, कारण अळीला तीच पानं लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही डिपेंडन्सी आहे. ती काढली की प्रोग्राम चालत नाही. फक्त रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती कोपऱ्यात, मुलांच्या खेळण्यापासून लांब.

कुर्डू मात्र मुद्दाम टाळला. दिसतो छान, भाजीही होते, पण एका झाडाला बारीक काळं बी ढिगाने येतं अन् शेजारी शेत आहे.

आता पद्धत. बी रस्त्याकडेच्या झाडांवरून, शेंगा वाळल्यावर, थोडंच घ्यायचं. अभयारण्यातून अजिबात नाही, तो गुन्हा आहे. तरवड अन् शरपुंखाच्या बियांचं कवच टणक असतं. पॉलिश पेपरवर हलकं घासायचं अन् रात्रभर पाण्यात ठेवायचं. आधी गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, कारण त्याची ॲलर्जी होते. मृगाचा चांगला पाऊस पडला, ओल धरली की बी मातीत बोटाच्या एका पेराहून कमी खोल पेरायचं. खत नको, त्याने गवतच माजतं.

पहिल्या वर्षी तरवडाच्या ४० बिया लावल्या, ११ रोपं जगली. रील बनेल असं काहीच नव्हतं.

खरी अडचण पुढे आली. "साप येतील, कापून टाका," असं बगिच्यात फिरायला येणाऱ्या काकू म्हणाल्या. त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एक मीटर गवत कापून ठेवतो, अन् फुलांच्या पट्ट्यात बी सांडल्याशिवाय कटर फिरवत नाही. तिथे पाटीही लावली: 'हे तण नाही, मुद्दाम लावलंय.'

कॉसमॉस? काकांच्या धुऱ्यावरचं मी दोन रविवार उपटलं. यंदाही पाऊस पडल्यावर जाणार आहे, कारण जमिनीत बी उरलेलं असतंच. गेल्या महिन्यात काकांनीच शरपुंखाच्या वाळलेल्या शेंगा कागदात बांधून दिल्या. म्हणाले, "हे लाव. हे आपलंच हाय."

तुमच्या गावच्या रस्त्याकडेला काय फुलतं, ते या पावसाळ्यात नीट बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!