वऱ्हाडी पडद्यावर आली, कोरकूचं काय?

८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याला झालेलं गाडगेबाबांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून त्यांची वऱ्हाडी आज कानानं ऐकता येते. सवाल टाकायचा आणि जवाब गर्दीच्याच तोंडून वदवून घ्यायचा, ही त्यांची रीत. दीड महिन्यात वलगावजवळ बाबा गेले.

१९६० मध्ये उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक हीच बोली बोलत मराठी कादंबरीत आली. १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातलं अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं महाराष्ट्रभर गाजलं. २००९ हे वर्ष मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘निशाणी डावा अंगठा’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ हे दोन्ही चित्रपट त्याच वर्षीचे. ‘गाभ्रीचा पाऊस’मधली अलका नवऱ्यानं जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून पोराला त्याच्या मागं मागं धाडते. घरातली ती भीती वऱ्हाडीत ऐकताना काळजाचं पाणी होतं. पुढं टीव्हीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’मधून अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ‘काऊन’, ‘मले’, ‘तुले’ घराघरांत नेलं. अमरावतीची पोरं पुण्यात बिनधास्त वऱ्हाडी बोलू लागली, याचं मला अप्रूप आहे. पण विनोदाच्या पलीकडं या बोलीला अजून फार कमी भूमिका मिळतात, हेही खुपतं.

त्याच अमरावती जिल्ह्यातली, धारणी-चिखलदऱ्याची कोरकू ही मात्र मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संताळीची नातलग. जॉन ड्रेकनं तिचं व्याकरण १९०३ मध्येच छापलं. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. त्यातले बरेचसे मध्य प्रदेशातले. एवढा मोठा समाज, आणि अमरावतीच्या टॉकीजमध्ये तिचा आवाज नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली काही गावं अकोट तालुक्यात सपाटीवर वसली. तिथं शाळा मराठी, बाजार मराठी. कोरकू उरते ती घरात, म्हाताऱ्यांच्या तोंडी.

न्यूझीलंडमध्ये २०१७ ला ‘मोआना’ माओरीत आला आणि लेकरांनी आपल्या भाषेत कार्टून पाहिलं. मेळघाटात सुरुवातीला एवढा खर्चही नको. होळीच्या फगव्याची गाणी मोबाइलवर टिपली जातातच. आजीनं मोहफुलं कशी वेचायची ते सांगावं, दोघांचा बांधावरचा तंटा दिसावा, रेशनच्या रांगेतलं बोलणं यावं, तेही कोरकूत. आणि ते टिपणारा मोबाइल कोरकू पोरीपोरांच्याच हाती असावा.