योत-लोहारा ते लेआउटपर्यंत : यवतमाळच्या उपनगरांची ओळख

स्मरणिकेसाठी आपल्या उपनगरांविषयी माहितीपर लेख द्यावा, असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी हसून विचारले, "लेआउटला कसला आला इतिहास? काल तर इथे तुरी-पऱ्हाटी होती." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वाघापूर, वडगाव, उमरसरा, लोहारा, पिंपळगाव, भोसा या भागांतील बहुतेक घरे गेल्या तीस-चाळीस वर्षांतीलच आहेत. परंतु घरे नवी असली म्हणजे जागाही नवी असते असे नाही.

यवतमाळ या नावाची फोड यवत आणि महाल अशी केली जाते. महाल म्हणजे परगणा. मोगल काळातील 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात वऱ्हाडातील परगण्यांची यादी आहे, तीत या परगण्याचे नाव 'योत-लोहारा' असे आले आहे. यातील योत म्हणजे आजचे यवतमाळ आणि लोहारा म्हणजे शहराच्या पश्चिमेस सुमारे पाच किलोमीटरवर असलेले तेच लोहारा, जेथे आज औद्योगिक वसाहत आहे व आपले अनेक समाजबांधव राहतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी सरकारी दप्तरात शहर आणि उपनगर जोडीने नांदत होते. मधल्या काळात एक मोठे झाले, दुसरे खेडेच राहिले.

मोठे होण्याचे कारण इंग्रजी अमलात सापडते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये या बाजूचा मुलूख वेगळा काढून त्याचा आग्नेय वऱ्हाड नावाचा जिल्हा करण्यात आला. पुढे त्यालाच वणी जिल्हा म्हणू लागले. गंमत अशी की, नाव वणीचे आणि जिल्ह्याची कचेरी मात्र यवतमाळला. १९०५ साली वाशीमकडील पुसद तालुका या जिल्ह्यास जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. नगरपालिका त्याआधीच, १८९४ मध्ये आली होती. १९०१ च्या शिरगणतीत गावची लोकसंख्या साडेदहा हजारांच्या आसपास होती. आज एखाद्या मोठ्या उपनगरात याहून जास्त माणसे सापडतील.

गाव वाढविले ते कापसाने. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. रुईच्या गाठी मूर्तिजापूरपर्यंत नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने अरुंद मापाचा ११३ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. तीच आपली 'शकुंतला'. तिथून गाठी मुंबईला आणि पुढे विलायतेला जात. १५ एप्रिल १९९४ रोजी तिचे वाफेचे इंजिन निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले. पुढे यवतमाळकडची गाडीच बंद पडली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचे काम चालू असून फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला आहे.

या कापसाच्या व्यवहारात आपला समाज कोठे होता, असा प्रश्न तरुण मुले विचारतात. उत्तर सरळ आहे. आपण जिनात होतो, गाठी उचलणाऱ्या हमालांत होतो, आणि आपल्या आया-आज्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होत्या. खेड्यातील गावकीची कामे सोडून मजुरीसाठी शहरात आलेल्या कुटुंबांना राहायला जागा मिळाली ती आपल्याच माणसांच्या शेजारी. पाटीपुऱ्यासारख्या वस्त्या अशाच भरत गेल्या. अरुंद बोळ, कुडाच्या भिंती, एका नळावर भांडण. पण चळवळ तेथेच वाढली, हे विसरून चालणार नाही. आज उपनगरात दोन मजली घर बांधलेल्या पुष्कळांचे बालपण त्या बोळांत गेले आहे.

काही समाजबांधव आपल्या भागाचे प्राचीन बौद्ध वारशाशी नाते सांगतात. त्याबाबत थोडे सावधपणे बोलावे असे वाटते. शेजारच्या वाशीमला, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मास, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती आणि त्या शाखेतील राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास दान दिले, हे तेथील शिलालेखावरून सिद्ध आहे. पुसद तालुका एके काळी वाशीम जिल्ह्यातच होता, एवढे नाते खरे. त्यापुढे जाऊन आपल्या प्रत्येक टेकडीखाली स्तूप आहे असे म्हणणे बाबासाहेबांनी शिकविलेल्या चिकित्सक वृत्तीला धरून होणार नाही.

आपला खरा जवळचा इतिहास १४ ऑक्टोबर १९५६ पासून सुरू होतो. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व दिली. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा या वाटेने नागपूर तसे जवळच. दशमीच्या शिदोऱ्या बांधून माणसे निघाल्याच्या आठवणी आजही घराघरांत सांगितल्या जातात. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना होऊन विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

या राजकीय घडामोडींचा आपल्या उपनगरांशी फार जवळचा संबंध आहे. धर्मांतरानंतर बौद्धांच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या होत्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा निघाल्या, शिक्षक लागले. आपल्या पहिल्या नोकरदार पिढीत शिक्षक इतके का, याचे उत्तर येथे आहे. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० च्या कायदा दुरुस्तीपर्यंत, म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षे, थांबावे लागले. त्यानंतर पोस्ट, बँक, टेलिफोन, रेल्वे येथे मुले लागू लागली. याच सुमारास शहराभोवती इतरही गोष्टी घडत होत्या. १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ साली रेमंडचा डेनिम कारखाना सुरू झाला. पगार आला, गृहकर्ज मिळू लागले, आणि शहरात तर जागा उरली नव्हती. मग शेते अकृषक होऊन लेआउट पडले आणि माणसे नाल्यापलीकडे राहायला गेली.

याचा पुरावा जनगणनेत दिसतो. २०११ मध्ये यवतमाळ नगर परिषद क्षेत्राची लोकसंख्या १ लाख १६ हजार ५५१ भरली, ती २००१ पेक्षा चक्क कमी होती. शहर ओस पडले होते काय? मुळीच नाही. शहर हद्दीबाहेर वाढत होते. रस्ता शहराचा, बाजार शहराचा, नोकरी शहरात आणि घरपट्टी मात्र ग्रामपंचायतीला, अशी वीस-पंचवीस वर्षे गेली. पुढे हद्दवाढ होऊन २०१६ ची नगर परिषद निवडणूक वाढीव हद्दीसह झाली, तेव्हा कोठे चारशे वर्षांपूर्वीची योत आणि लोहारा ही जोडी पुन्हा एका दप्तरात आली.

भूगोलाचे एकच अंग सविस्तर सांगतो, कारण त्याचा त्रास प्रत्येक भगिनीला ठाऊक आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर, डोंगरी पठारावर वसले आहे. जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा आणि दुसऱ्या अंगाला पैनगंगा. पाऊस पडतो तो या दोन्ही बाजूंना वाहून जातो आणि मधल्या उंचवट्यावरचे आपले शहर कोरडे राहते. खाली काळा कातळ. त्यात पाणी मुरते ते फटींपुरते, म्हणून एका घरच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्याची धूळ उडते. नशिबाचा वा पाणाड्याच्या नारळाचा यात काही भाग नाही. शहराची भिस्त निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर. ती छोटी असल्यामुळे एक पावसाळा कमी पडला की टँकर आलेच. बेंबळा धरण मोठे आहे, पण ते बाभूळगाव तालुक्यात खालच्या अंगाला, म्हणून तेथील पाणी पंपाने वर चढवावे लागते.

२०१८ चा उन्हाळा सर्वांच्या लक्षात आहे. पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहावी लागे. आपल्या विहाराच्या आवारातील बोअरला त्या वर्षी सुदैवाने पाणी होते. ते फक्त वर्गणीदारांना द्यावे की सर्वांना, यावर बैठकीत वाद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. तेव्हा एका आजीबाईंनी महाडच्या चवदार तळ्याची आठवण दिली आणि विचारले, "१९२७ साली आपल्याला कोणी वर्गणीची पावती मागितली असती, तर?" त्यानंतर वाद संपला. सकाळी सहा ते आठ नळी सर्वांसाठी चालू राहिली आणि विजेच्या बिलाचे पैसे शेजारच्या इतर समाजाच्या घरांनीही न मागता आणून दिले.

उपनगरातील विहारांबद्दल एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. लेआउट मंजूर होताना काही जागा, साधारण दहावा हिस्सा, खुली सोडावी लागते. आपले बहुतेक विहार अशा खुल्या जागेवर उभे आहेत. प्रथम पंचशील ध्वज, मग कट्टा, मग टिनाचे शेड, मग पक्के बांधकाम, असाच क्रम सगळीकडे दिसतो. परंतु ती जागा मंडळाच्या मालकीची होत नाही. वापराची परवानगी, ठराव, नकाशा व नोंदणीचे कागद असले तरच पुढे समाजभवन, अभ्यासिका किंवा निधी मागता येतो. हद्दवाढीनंतर जुने दप्तर एकीकडून दुसरीकडे गेले आणि आमच्या मंडळाची पंचाईत झाली. ठरावाची प्रत आम्हीच जपून ठेवलेली नव्हती. एका पदाधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे पिशवी गेली, घर बदलताना ती कोठे राहिली ते कोणालाच सांगता येईना. ज्या बाबासाहेबांनी कागदाला एवढे महत्त्व दिले, त्यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळाची ही स्थिती!

आणखी एक बाब खटकते. घरे लांब गेली तशी माणसेही लांब गेली. चौदा एप्रिलला उपनगरातील मिरवणूक शहरात येते, बसस्थानक चौकातील पुतळ्याला अभिवादन होते, समता मैदानावरील व्याख्यानांना गर्दी होते. पण वर्षावासात ग्रंथवाचनाला आमच्याकडे पंधरा-वीस उपासिका व तीन-चार निवृत्त शिक्षक एवढेच. मुले शिकवणी वर्गाला गेलेली असतात. जुन्या वस्तीतील मुलाला अभ्यासाला जागा नाही आणि आमच्या विहाराचे सभागृह दिवसभर कुलूपबंद, हे चित्र डोळ्यांसमोर आहे.

मागील वर्षी कार्यकारिणीने त्या सभागृहात अभ्यासिका सुरू करण्याचे ठरविले. वीस टेबले झाली आहेत, दोन पंखे एका उपासिकेने पतीच्या पुण्यानुमोदनानिमित्त दिले. वेळ सकाळी सात ते रात्री दहा. किल्ली विहाराशेजारच्या पहिल्या घरी असते. जुन्या वस्तीतून सायकलने येणारी नऊ मुले-मुली सध्या नियमित बसतात. ठरावाची नक्कल मिळण्यासाठी अर्ज दिलेला आहे, त्याची पोच मात्र या वेळी तीन ठिकाणी ठेवली आहे.