‘वेल प्लेड’ न म्हणणारी माणसं

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग चहा आणि समोर चेहरा पाडून बसलेला आमचा मित्र. अॅप्रेझल झालं होतं. तीन वर्षं रात्रीचा दिवस करून रेटिंग काय, तर ‘अॅव्हरेज’! राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता. फक्त ‘सेंड’ दाबायचं बाकी.

आम्ही चौघांनी लगेच मित्रधर्म पाळला. ‘अरे, तू बेस्ट आहेस यार!’ ‘तुझा बॉसच खडूस आहे.’ ‘सोड ती कंपनी, छप्पन्न मिळतील.’ तो कसनुसं हसला, चहा संपवला आणि आला होता तितकाच उदास होऊन घरी गेला.

रविवारी तो लॅपटॉप घेऊन जुन्या टीममधल्या एका सीनियर मॅडमकडे गेला. त्यांनी धीरबीर काही दिला नाही. म्हणाल्या, ‘शेवटचं प्रेझेंटेशन दाखव बघू.’ तासाभराने चष्मा काढून त्यांनी निकाल दिला, ‘काम चोख आहे तुझं. पण मुद्दा सतराव्या स्लाइडवर ठेवलायस. तिथपर्यंत कोण जागं राहणार?’ साहेब जाम चिडले. रात्री झोप नाही. पण सोमवारी राजीनामा डिलीट झाला आणि सतरावी स्लाइड पहिल्या नंबरवर आली.

प्रमोशन मिळालं का? नाही. पण पुढच्या मीटिंगमध्ये बॉसने पहिल्यांदाच त्याला प्रश्न विचारले. त्याच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

मग आम्ही चौघं वाईट होतो का? मुळीच नाही. पण खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकानेही त्याचं काम कधी पाहिलंच नव्हतं. न पाहता केलेलं कौतुक म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. चढताना मजा येते, पण ते झाड काही आपलं वजन पेलत नाही!

सचिनच्या मागे कोण कोण?

१६ नोव्हेंबर २०१३. वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने निरोपाचं भाषण केलं. ते आठवतंय? आचरेकर सरांबद्दल त्याने सांगितलं की, सर मला कधीही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत. पोरगा हुरळून जाईल आणि मेहनत सोडेल, ही त्यांना काळजी. पण हेच सर त्याला मॅच प्रॅक्टिस मिळावी म्हणून स्कूटरवर बसवून मुंबईभर फिरवायचे. नेटमध्ये स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आऊट न होता टिकलास, तर नाणं तुझं. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

अकरा वर्षांच्या सचिनला सरांकडे नेलं ते मोठ्या भावाने, अजितने. शेवटच्या टेस्टमध्ये ७४ वर आऊट झाल्यावरही त्या रात्री अजितने फोन करून तो कसा आऊट झाला याची चर्चा केली. पुन्हा बॅटिंग मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती, तरी! आणि शाळा घरापासून लांब म्हणून ज्यांच्याकडे तो चार वर्षं राहिला, त्या नातेवाईकांकडे तर दमून पेंगणाऱ्या पोराला भरवून झोपवलं जायचं.

बघा, एक शिकवणारा, एक चुका दाखवणारा आणि घरी प्रेमाने जेवू घालणारं माणूस. सगळी कामं एकट्याने केली नाहीत. आपण मात्र एकाच माणसात सगळं शोधतो. बॉसने समजून घ्यावं, बायकोने करिअर अॅडव्हाइस द्यावा, मित्राने चुका सांगाव्यात... आणि मग म्हणतो, ‘मला कुणी मोटिव्हेटच करत नाही!’

मग शोधायचं कसं?

सोपं आहे. ‘माझे मेंटॉर व्हाल का?’ असं विचारू नका, समोरचा घाबरतो. ‘हा एक मेल वाचून सांगाल का, कुठे गडबड आहे?’ असं विचारा. दहा मिनिटं कुणीही देतं.

त्यांनी सांगितलेलं करून बघा आणि काय झालं ते परत जाऊन सांगा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. सल्ला दिलेल्याला नंतर काही कळतच नाही आणि पुढच्या वेळी तो उत्साह दाखवत नाही. त्यात त्याचं काय चुकलं?

एक सावधगिरी मात्र हवी. टोचून बोलणारा प्रत्येक जण आचरेकर सर नसतो. साधी कसोटी लावा. बोलून झाल्यावर उद्या नेमकं काय करायचं ते कळलं, तर माणूस तुमचा. नुसतंच ‘आपण फालतू आहोत’ असं वाटलं, तर तिथून गुपचूप सटका.

आणि घरी जेवायला थांबणारं कुणी असेल, तर त्याला गृहीत धरू नका. त्यांनी तुमचं प्रेझेंटेशन बघायची काही गरज नाही. त्यांचं काम वेगळं आहे आणि ते रोज होतंय.

आमची शुक्रवारची टपरी अजून चालू आहे. चहा तोच, बॉसच्या नावाने शिमगाही तोच. फक्त आता कुणी रडका चेहरा घेऊन आला, की ‘तू बेस्ट आहेस’च्या आधी कुणीतरी म्हणतं, ‘लॅपटॉप काढ, बघू काय केलंयस.’

तुमच्या ग्रुपमध्ये हे कोण म्हणतं? कुणीच नाही? मग या शुक्रवारी तुम्हीच म्हणून बघा!