आमच्या बॅचचा रोजनामा

कलम १३८ आलं नसतं तर आमच्या बॅचमधल्या काही जणांची घरं आजही भाड्याची असती. चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा ठरवणारं हे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. आम्ही १९८८ साली कोल्हापूरच्या शहाजी लॉ कॉलेजातून एलएल.बी. होऊन बाहेर पडलो होतो. सनदा घेतल्या होत्या आणि कुणाच्या तरी ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तारखा लिहून घेत होतो. ज्युनियरला पगार देण्याची पद्धत नव्हती, सीनियरच्या मनात आलं तर महिन्याकाठी हातावर काही ठेवत. मोठ्या वकिलांना चेकच्या कामात रस नव्हता. त्यांच्याकडे वाटपाचे दावे आणि खुनाचे खटले भरपूर होते. त्यामुळे पतसंस्था, फायनान्सवाले, गुळाचे अडते यांच्या न वटलेल्या चेकांचे गठ्ठे थेट आमच्या टेबलावर आले. नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, मग तक्रार, मग समन्स. नमुना ठरलेला, नावं आणि रकमा तेवढ्या बदलायच्या. बॅचमधला एक जण अजूनही स्वतःची ओळख ‘चेकवाला’ अशीच करून देतो. त्याच्या राजारामपुरीतल्या बंगल्याचं नाव ‘आई’ आहे. ते ‘कलम १३८’ ठेव म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो होतो.

बॅचमधली बहुतेक मंडळी आता साठीला टेकली आहेत. त्यानिमित्ताने एक स्मरणिका काढायचं ठरलं. प्रत्येकाने वकिली, नोकरी, घर, मुलं, दुखणी जे सांगावंसं वाटेल ते लिहून पाठवायचं होतं. संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ‘तुझं अक्षर चांगलं’. अक्षराचा आणि संपादनाचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. ते सगळे कागद वाचताना जे लक्षात आलं, त्याबद्दल हा लेख आहे.

कोण पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं याचा हिशोब मी आधी मार्कांवरून लावून पाहिला. जुळला नाही. इंग्रजीवरून लावला, घरच्या परिस्थितीवरून लावला. थोडा जुळला. मग कोण कुठल्या साली कुठल्या कायद्याच्या दारात उभं होतं ते पाहिलं, तेव्हा बराचसा उलगडा झाला. मात्र आलेल्या कागदांत हे कुणीच लिहिलेलं नाही. प्रत्येकाने आपलं यश कष्टाच्या आणि अपयश नशिबाच्या खात्यात टाकलं आहे. वकीलच ते.

मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या अपघातांचे क्लेम दोघांनी धरले आणि ते त्यातच मुरले. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली आणली आणि आमच्यातल्या एकाचं पोट डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारींवर चालू लागलं. त्याची बायको डॉक्टर आहे. ‘घरी या विषयावर युक्तिवाद होत नाही’, एवढंच त्याने लिहिलंय.

बँकेत चिकटलेल्यांची गोष्ट वेगळी. नोकरी सांभाळून लॉ करणारे आमच्या वर्गात बरेच होते आणि डिग्री झाल्यावरही ते काउंटरवरच राहिले. कर्जवसुली न्यायाधिकरणाचा कायदा १९९३ ला आला, सरफेसी २००२ ला, आणि मग ‘कायदा विभाग’ नावाची खोली प्रत्येक बँकेत महत्त्वाची झाली. सरफेसी सहकारी बँकांना लागू आहे का, हा वाद शेवटी ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मिटवला. ते प्रकरण मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या, मुरगूडच्या सहकारी बँकेचं होतं. आमच्या बँकवाल्या मित्रांनी हा निकाल जणू आपणच लिहिला अशा थाटात कागदावर उतरवला आहे.

साखर कारखान्याचा लॉ ऑफिसर ही कोल्हापूरकडची खास जात. कलम ८३ ची चौकशी, ८८ ची जबाबदारी निश्चिती, १०१ चे वसुली दाखले. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा त्यांना स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. संचालक मंडळ बदललं की टेबल बदलायचं, पण माणूस टिकायचा, कारण जुन्या फायली कुठे आहेत ते त्यालाच माहीत. बॅचमध्ये सगळ्यात जास्त गुपितं ज्याच्यापाशी आहेत, त्याचाच कागद सगळ्यात छोटा आला. ‘सर्व ठीक. नातू झाला.’

आमच्या वर्गातल्या मुलींचं मात्र या हिशोबात नीट बसत नाही, आणि या जागी मला थांबावं लागतं, कारण मी त्यांच्यातलीच.

१९८८ ते १९९३ या काळात आमच्यापैकी बहुतेकींची लग्नं झाली. कुणी सासरच्या गावी सनद कपाटात ठेवली, कुणी शाळेत शिकवायला लागली, एक जण एलआयसीत गेली. तिघी-चौघी कोर्टात राहिलो. मग महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना नाही. म्हणजे कायदा शिकलेल्या आम्ही बाहेर आणि आमच्या धाकट्या, अजून बिनलग्नाच्या बहिणी आत. एकीने लिहिलंय की तिच्या वडिलांनी हे वर्तमानपत्रात वाचलं आणि ‘तुझ्या लग्नाची जरा घाईच झाली म्हणायची’ असं हसत म्हणाले. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, तेव्हा ही लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, यावर कोर्टांत पंधरा वर्षं घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सांगितलं, हक्क जन्मानेच येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

या तिन्ही टप्प्यांवर मी स्वतः वाटपाचे दावे चालवले आहेत. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी इकडच्या जमिनींचे. भाऊ नोटिशीला उत्तर देतात, त्यात ठरलेलं वाक्य असतं की बहिणींच्या लग्नात भरपूर खर्च केला आहे. बहिणी साक्षीला येतात आणि उलटतपासात रडतात. आणि निम्म्या प्रकरणांत तारखेच्या आदल्या रात्री घरात बैठक होऊन हक्कसोडपत्र होतं. माहेर तुटू नये म्हणून. आता कागदांवर येते. आमच्या बॅचमधल्या, हे दावे दुसऱ्यांसाठी लढलेल्या किंवा निदान शिकलेल्या बायकांपैकी किती जणींनी स्वतः हक्कसोड लिहून दिलं, हे मी फोन करून विचारलं. आकडा छापू नकोस असं बहुतेकींनी सांगितलं, त्यावरून समजून घ्यावं. एकीने मात्र छापायला परवानगी दिली. भावाने कागद पुढे केला तेव्हा तिने तो वकिलाच्या नजरेने वाचला, मिळकतीच्या वर्णनात गट नंबर चुकला होता तो स्वतः दुरुस्त केला आणि मग सही केली. ‘निदान मसुदा तरी बिनचूक’, असं तिचं म्हणणं.

मला याचा राग येतो. पण तिला येत नाही, आणि कागद तिचा आहे.

न्यायाधीश झालेल्यांची पत्रं सगळ्यात नीटनेटकी. परिच्छेदांना क्रमांक दिलेले. तीन-तीन वर्षांच्या बदल्या: अहेरी, उमरगा, पुसद, वाई. बायकोची नोकरी असेल तर दोन बिऱ्हाडं. मुलांच्या शाळा बदलून बदलून शेवटी आजीकडे ठेवलेली. गावच्या लग्नाला जायचं तरी समोर कुणी पक्षकार बसला आहे का ते पाहायचं. शेट्टी आयोगानंतर पगार सुधारले तोपर्यंत निम्मी नोकरी झाली होती. साठाव्या वर्षी निवृत्त होऊन ते आता परत आले आहेत आणि बारमधल्या वर्गमित्रांपुढे त्यांची जरा पंचाईत होते. आम्ही ‘अरे’ म्हणायला लागतो आणि पहिल्या दहा मिनिटांत दोनदा तरी तोंडातून ‘साहेब’ निघून जातं. एकाच्या मुलीने न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास कॉलेज संपताच सुरू केला होता. १९९३ च्या निकालाने घातलेली तीन वर्षांच्या वकिलीची अट २००२ मध्ये निघाली होती, ती सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ ला पुन्हा घातली. आता तिला आधी कोर्टात उभं राहावं लागणार, आणि बापाला वाटतं ते बरंच झालं. तिला तसं वाटत नाही. मी बापाच्या बाजूची आहे. काळा कोट न घालता थेट डायसवर बसलेला माणूस वकिलाची अडचण काय असते ते पुस्तकात वाचतो.

आमची पिढी फार वर जाऊन बसली असंही लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. अमरावतीचे भूषण गवई १९८५ ला वकिलीत आले, आमच्याहून थोडेच आधी, आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा कोर्टात वडिलांच्या चेंबरमधून सुरुवात केली आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. आमच्यातलं तिथवर कुणी गेलं नाही. पण जिल्हा कोर्टातून तिथे वाट जाते, एवढं आम्हाला आमच्या समकालीनांनी दाखवलं.

मुलांचे परिच्छेद लवकर उरकते, कारण ते सगळ्यांचे सारखेच आहेत. आम्ही डिग्री घेतली त्याच १९८८ साली बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पाच वर्षांच्या कोर्सची पहिली तुकडी बसली, हे आम्हाला तेव्हा कळलंही नव्हतं. आमची लॉ करणारी मुलं आता क्लॅट देऊन त्याच वाटेने मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जातात. दिवाळखोरी संहितेची, रेराची कामं करतात आणि जिल्हा कोर्टाची पायरी चढत नाहीत. बाकीची पुण्यात किंवा परदेशात सॉफ्टवेअरमध्ये. प्रश्न ऑफिसांचा आहे. तीस-पस्तीस वर्षांची एआयआर आणि महाराष्ट्र लॉ जर्नलची कातडी बांधणीतली बाडं भिंतभर उभी आहेत. फोनवर सगळे निकाल मिळत असल्यामुळे ती कुणाला फुकटही नकोत. जुना कारकून आपल्याच वयाचा, त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. १ जुलै २०२४ ला दंडसंहिता गेली, ४२० चं ३१८ झालं, ३०२ चं १०३. फौजदारीवाल्या दोघांनी सरळ लिहिलंय की पाठ केलेलं सगळं या वयात पुन्हा पाठ करण्यापेक्षा ज्युनियरला उभं करतो आणि मागून चिठ्ठी देतो. कोविडमध्ये कोर्टं बंद असताना वकिलाकडे साठवण किती असते ते उघडं पडलं होतं. त्या दोन वर्षांत आम्ही वर्गमित्र गमावले आणि जे गेले त्यांच्या घरच्यांकडून आलेले कागद मी शब्दही न बदलता छापते आहे.

आणि आता हायकोर्ट. आमचं सगळं उमेदीचं आयुष्य खंडपीठाच्या मागणीत गेलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. मोर्चे, साखळी उपोषणं, कामावर बहिष्कार. हायकोर्टाचं काम म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचं, फोर्टातल्या वकिलाला फाइल समजावून सांगायची, त्याने ती दहा मिनिटं चाळायची, आणि कोर्टात त्याच्या मागे उभं राहून त्याने आपला मुद्दा सोडलेला ऐकायचा. सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, आणि तेही सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या जिल्हा कोर्टाच्या इमारतीत. जिल्हा कोर्ट त्याआधीच कसबा बावड्याला गेलं होतं. म्हणजे ज्या खोल्यांत आम्ही पहिलं वकीलपत्र दाखल केलं, तिथे आता हायकोर्टाचे न्यायमूर्ती बसतात. १९९० च्या सुमारास ‘इथे काही राम नाही’ म्हणून मुंबईला गेलेले दोघे आता ताराबाई पार्कात ऑफिसची जागा बघत आहेत. इथेच राहिलेल्यांना ते फारसं रुचलेलं नाही. मुंबईची सवय असलेला माणूस आल्या आल्या पुढे बसतो, आणि ज्यांनी मोर्चे काढले ते मागे, अशी कुजबुज आहे. मला वाटतं ती निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी अशी, की साठाव्या वर्षी हायकोर्टाची प्रॅक्टिस नव्याने शिकायची धास्ती इथल्यांनाच जास्त आहे, आणि ती झाकायला मुंबईवाले बरे सापडले.

या धास्तीला एक अपवाद आहे. पन्हाळ्याकडच्या एका पाटील कुटुंबातला वाटपाचा दावा १९९६ पासून चालू आहे. वादीकडून आमचा एक वर्गमित्र, प्रतिवादीकडून दुसरा. मूळचे वादी-प्रतिवादी दोघेही वारले, वारस रेकॉर्डवर आले, त्यातला एक वारसही गेला. खालच्या कोर्टात एक जिंकला, अपिलात दुसरा, आणि दुसरं अपील मुंबईला पडून होतं. तिथे दोन्ही बाजूंनी मुंबईचे वकील होते. ते अपील आता इकडे वर्ग झालंय. दोघांनीही आपापल्या कागदात वेगवेगळं लिहून कळवलंय की या वेळी बाहेरचा वकील लावणार नाही, स्वतः युक्तिवाद करणार. एकाची बायपास झालेली आहे, दुसऱ्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तडजोड का करत नाही, असं मी दोघांनाही फोनवर विचारलं. दोघांचंही उत्तर एकच आलं, पक्षकार तयार नाहीत. पक्षकारांपैकी एकाला मी ओळखते. तो म्हणाला, आम्ही केव्हाच तयार आहे, वकील ऐकत नाहीत.