रुग्णालयातला रविवार : खालचा आकडा

कॅनडातल्या ओंटारिओची गोष्ट आज सांगायची ठरली होती, ती पुढे ढकलतो. साताऱ्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे आणि ते बाजूला ठेवणे मला जमेना. ते लिहितात, ‘शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांत मृत्यू जास्त, असे तुम्हीच सांगता. आमच्या आईला शनिवारी रात्री धाप लागली, तेव्हा भाऊ म्हणाला, उद्या मोठे डॉक्टर नसतात, सोमवारी नेऊ. त्याचे बरोबर होते का?’

नाही, मुळीच नाही. आणि ते का, हे सांगताना ज्या मुद्द्याने मला या विषयाकडे ओढले तोच आधी घ्यावा लागेल.

मृत्युदर म्हणजे अपूर्णांक. वर दगावलेले, खाली दाखल झालेले. शनिवार-रविवारी पुरेशी सेवा नसल्याने वर्षाला सुमारे ६,००० जीव जातात, असे ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री जेरेमी हंट भाषणात म्हणाले; त्यावरून २०१५ मध्ये तिथे जे रण पेटले, ते सगळे वरच्या आकड्याचे होते. खाली कोण आहे, ते रोज तेच असते का, असे विचारणारे फार थोडे होते.

समजा, एका रुग्णालयात बुधवारी १०० रुग्ण दाखल झाले. त्यातले २० अत्यवस्थ, बाकीचे ८० बरे होऊन घरी जाण्यासारखे. अत्यवस्थांपैकी ४ दगावले. दर झाला ४ टक्के. रविवारी तेवढेच २० अत्यवस्थ आले, उपचार तेच झाले, दगावलेही ४ च. पण त्या ८० पैकी ५०च आले. उरलेले म्हणाले, सोमवारी बघू. आता ७० मध्ये ४, म्हणजे ५.७ टक्के. एकही जीव जास्त गेलेला नाही, तरी दर जवळजवळ दीडपट!

इंग्लंडमध्ये असे खरोखर घडते का, हे मँचेस्टर विद्यापीठातल्या रेचेल मीकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३-१४ च्या नोंदींवरून तपासले. तिथे रुग्ण तातडीने दाखल होतो तो मुख्यतः दोन वाटांनी : एक कॅज्युअल्टीतून, दुसरी फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर थेट वॉर्डात. शनिवार-रविवारी फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बहुतेक बंद, त्यामुळे बाहेरून थेट होणारे प्रवेश ६१ टक्क्यांनी कमी निघाले. आणि दाखल झालेले असोत की घरी पाठवलेले, कॅज्युअल्टीत पाऊल टाकलेल्या सगळ्यांना मोजले, तेव्हा शनिवार-रविवारचा दर चढा राहिलाच नाही. तो चढा दिसत होता फक्त दाखल करून घेतलेल्यांत. सुट्टीच्या दिवशी खाट मिळायला माणूस जास्त आजारी असावा लागत होता.

याचा एक सुगावा आधीच हाती होता. संशोधक निक फ्रीमँटल यांच्या इंग्लंडमधल्या रुग्णालयांवरच्या २०१२ च्या अभ्यासात रविवारी दाखल झालेल्यांची ३० दिवसांत दगावण्याची जोखीम बुधवारच्यापेक्षा १६ टक्के जास्त होती. हा आकडा सगळीकडे छापून आला. त्याच निबंधात हेही होते की, कोणत्याही दिवशी दाखल झालेले असोत, रविवारी रुग्णालयात असलेल्यांची त्या दिवशी मरण पावण्याची जोखीम बुधवारच्यापेक्षा कमी होती. रविवारची व्यवस्थाच जीव घेत असती, तर वॉर्डात आधीपासून असलेले लोक तिच्यातून असे कसे सुटले असते?

मग ऑक्सफर्डच्या संशोधकांनी रक्ताच्या तपासण्या उघडल्या. २००६ ते २०१४ मधले तिथल्या चार रुग्णालयांतले पाच लाखांवर तातडीचे प्रवेश. वय, जुने आजार वगैरे नेहमीच्या गोष्टी जमेस धरूनही जो जादा मृत्युदर उरत होता, त्यातला शनिवारचा ३३ टक्के, रविवारचा ५२ टक्के आणि सार्वजनिक सुट्ट्यांचा तब्बल ८७ टक्के भाग नुसत्या तपासण्यांच्या निकालांनी उलगडला. आल्या क्षणीच ही माणसे जास्त आजारी होती. दुसरा शोध मला त्याहून विलक्षण वाटतो : जादा मृत्यू मुख्यतः सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात आलेल्यांत होते. रुग्णालयावरच्या कामाच्या ताणाशी मात्र मृत्यूंचा संबंध लागला नाही.

शनिवारच्या जादा मृत्युदराचे दोन तृतीयांश तरीही शिल्लक राहतात, हे विसरून चालणार नाही. त्यात तपासण्यांत न दिसणारा आजार किती आणि उपचारांतली कसर किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. ‘रुग्णच जास्त आजारी होते’ म्हणून फाइल मिटवणाऱ्या प्रशासकांशी मी सहमत नाही.

आता साताऱ्याकडे. हे सगळे आकडे बुधवारी आलेल्या काही माणसांची तुलना रविवारी आलेल्या वेगळ्या माणसांशी करतात. एकाच आईला शनिवारी नेले आणि सोमवारी नेले, तर काय होईल, हे त्यांतला एकही आकडा सांगत नाही. धाप लागलेल्या माणसाच्या रक्तातला प्राणवायू सोमवारपर्यंत थांबत नाही. हंट यांच्या भाषणांनंतर रुग्ण घरीच थांबून राहिल्याची उदाहरणे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनीही मांडली होती. कॅज्युअल्टी रविवारी उघडी असते. भावाला हे जरूर सांगा.

पुढच्या आठवड्यात ओंटारिओ. तिथे पोटातली महाधमनी फुटलेल्या रुग्णांत शनिवार-रविवारी ४२ टक्के आणि इतर दिवशी ३६ टक्के दगावले होते. अशी धमनी फुटलेला माणूस सोमवारपर्यंत घरी बसू शकत नाही, म्हणून खालच्या आकड्याचा आजचा खुलासा तिथे सहजासहजी लागू होत नाही.