एकाला क्षय, दुसऱ्याला का नाही?

क्षयरुग्णाच्या सहवासात राहणाऱ्या प्रत्येकाला क्षय होतोच, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जीवाणूंचा संसर्ग झालेला आहे. मात्र त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग जडतो. इतरांमध्ये संसर्ग सुप्त राहतो. त्यांना खोकला वा ताप नसतो आणि त्यांच्यापासून इतरांना लागणही होत नाही.

या फरकामागे आनुवंशिकतेचाही वाटा आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन परिसरात क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असूनही काहींना संसर्गच होत नाही. तेथील कुटुंबांच्या २००९ मधील अभ्यासात या प्रतिकाराचा संबंध अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी आढळला.

संसर्ग झाल्यावर जीवाणूंना जखडून ठेवण्यासाठी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन आवश्यक असते. 'टीवायके-२' जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई आणि वडील अशा दोघांकडूनही आल्यास हे प्रथिन पुरेसे तयार होत नाही व रोगाचा धोका वाढतो, असे २०१८ मध्ये स्पष्ट झाले.

मात्र जनुके म्हणजे ललाटरेषा नव्हे. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही आणि धूम्रपान यांमुळेही सुप्त जीवाणू डोके वर काढतात. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यामुळे घरात क्षयरुग्ण असल्यास 'आमच्या घराण्यात हा रोग नाही' या भरवशावर न राहता सर्वांनीच तपासणी करून घ्यावी. सुप्त संसर्गावर प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत.